बस तोट्यात, की गाव तोट्यात?

‘हा मार्ग तोट्यात आहे.’ एखाद्या गावाची बस बंद करायची ठरली, की अधिकारी हे चार शब्द उच्चारतात आणि चर्चा तिथेच संपते. ऐकणाराही मान डोलावतो. तोट्यातला धंदा कोण चालू ठेवील, असे त्यालाही वाटते. परंतु हा तोटा कोणाचा, तो कोणत्या वहीत मांडला आणि त्या वहीत कोणत्या रकमा मुळी लिहिल्याच गेल्या नाहीत, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. बस बंद झाल्यावर एका घराने महिनाभरात रिक्षाला मोजलेले जादा पैसे त्या वहीत नसतात. डॉक्टरांनी ‘पंधरा दिवसांनी परत या’ म्हटलेले असताना वृद्ध माणूस ते टाळतो, त्याची नोंद तिथे नसते. संध्याकाळच्या वर्गाला मुलीला न पाठविण्याचा निर्णय घरात निमूटपणे होतो, त्याचीही नसते. वहीत असते ती फक्त तिकिटाची रक्कम आणि डिझेलचा खर्च.

वसई-विरार परिसराच्या बससेवेत सुधारणा करावयाची, तर कोणता मार्ग कमावतो आणि कोणता गमावतो या प्रश्नापासून आरंभ करून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आरंभ दुसऱ्याच प्रश्नापासून व्हायला हवा: या परिसरातील कोणत्याही वस्तीला पहाटेपासून रात्रीपर्यंत किमान किती फेऱ्या मिळाल्याच पाहिजेत? ही हमी आधी ठरावी, हिशेब मागाहून यावा. आज नेमका उलटा क्रम चालला आहे आणि त्याची किंमत सर्वांत कमी बोलणारी माणसे मोजत आहेत.

वसईला रेल्वे फार लवकर मिळाली. विरारहून मुंबईला गाडी धावू लागली ती १८६७ साली. पण रेल्वे स्थानकापर्यंतच नेते आणि स्थानकापाशीच सोडते. पश्चिमेकडील बागायती गावे, किनाऱ्यावरची कोळीवाड्यांची वस्ती, पूर्वेकडील डोंगरपायथ्याचे पाडे यांना रेल्वे खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली ती एस.टी.मुळे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढील काही दशकांत ‘गाव तेथे एस.टी.’ हे ब्रीद महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. वसई तालुक्यात वसई, नालासोपारा आणि अर्नाळा अशी तीन आगारे उभी राहिली. भाजी, फुले, केळी व मासळी घेऊन मुंबईचा बाजार गाठणाऱ्या बायकांचा दिवस पहाटेच्या गाडीवर अवलंबून असे. शिक्षक, परिचारिका, गिरणी-कारखान्यांतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून यांची घड्याळे त्याच गाडीवर लागलेली असत. एस.टी.च्या भाषेत ‘मुक्कामी गाडी’ हा एक सुंदर शब्द आहे. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावातच थांबायची आणि पहाटे तिथूनच निघायची. गाडी गावात मुक्कामाला असणे म्हणजे सरकारनेही गावात मुक्काम केल्यासारखे होते.

मग वाढ आली. १९९० साली सिडकोची या परिसरासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. वसईची हिरवाई, पाणी आणि शेतजमीन वाचावी म्हणून हरित वसईची चळवळ उभी राहिली. ती कोणाविरुद्ध व कशासाठी होती, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. पुढे २००७ साली विकास आराखडा मंजूर झाला. त्याची मुदत २०२१ पर्यंतची होती. त्याच २००७ साली बोरिवली-विरार पट्ट्यात रेल्वेचे चौपदरीकरण पूर्ण झाले. ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या, तर तो आकडा आता किती जुना झाला आहे हे सहज ध्यानात येईल.

या साऱ्या काळात चटईक्षेत्रावरून रणे माजली, आरक्षणांवरून मोर्चे निघाले, रस्त्यांच्या रुंदीवरून गावे न्यायालयात गेली. बस कुठून कुठे जाईल, किती वाजता निघेल आणि शेवटची गाडी कधी असेल, या प्रश्नासाठी मात्र तेवढ्या तळमळीने कोणी भांडले नाही. इमारती आधी आल्या, माणसे मागोमाग आली आणि बसचा विचार रांगेत सर्वांत शेवटी उभा राहिला.

जबाबदारीची टोलवाटोलव

२०१२ साली महानगरपालिकेने स्वतःची परिवहन सेवा ठेकेदारामार्फत सुरू केली. एका अर्थी हे योग्यच झाले. शहराची बस शहराने चालवावी. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की एस.टी. महामंडळाला वसईतून अंग काढून घेण्यास निमित्त मिळाले. २०१७ साली महामंडळाने येथील स्थानिक मार्ग बंद करावयाचे ठरविले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. महामंडळ म्हणे, शहरी वाहतूक हे आमचे काम नव्हे. पालिका म्हणे, आमची गाडी अजून तिथवर पोहोचलेली नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये, थांब्यावर, माणूस उभा होता.

येथे कायद्यातील एक गोष्ट सर्वांनी नीट समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या अधिनियमात पालिकेची कामे दोन गटांत विभागली आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक कामे. बससेवा मात्र ऐच्छिक कामांच्या यादीत बसते. म्हणजे नळाला पाणी आले नाही तर पालिकेने कर्तव्य चुकविले असे म्हणता येते; थांब्यावर बस आली नाही तर फार झाले तर तिची मर्जी झाली नाही, एवढेच म्हणता येते! जी सेवा ऐच्छिक असते ती अर्थसंकल्पात शेवटी येते आणि अडचणीच्या वर्षी सर्वांत आधी कापली जाते. त्यात २०२० साली लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढील पाच वर्षे पालिकेवर प्रशासकाचा कारभार राहिला. ज्यांच्या दारात जाऊन जाब विचारावा असे नगरसेवकच त्या काळात नव्हते.

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी काही मापदंड ठरविले आहेत. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून अधिक बस असल्यास सेवा उत्तम समजावी, ०.२ पेक्षा कमी असल्यास ती सर्वांत खालच्या पायरीवर समजावी. २०११ ची लोकसंख्या धरली तरी उत्तम सेवेसाठी आपल्याला सुमारे ७३० गाड्या लागतात, आणि निव्वळ तळाच्या पायरीवरून वर चढण्यासाठी सुमारे २४५. वाढलेल्या वस्तीचा तर यात विचारच केलेला नाही. आपल्या रस्त्यांवर रोज प्रत्यक्षात किती गाड्या धावतात, हे वाचकांनीच आगाराच्या फाटकापाशी उभे राहून मोजावे आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत ते स्वतःच ठरवावे.

साधे गणित

बससेवेचे नियोजन ही काही अगम्य विद्या नाही. समजा, स्थानकापासून एखाद्या गावापर्यंत जाऊन परत यायला, दोन्ही टोकांना थोडी विश्रांती धरून, दीड तास लागतो. दर अर्ध्या तासाला गाडी हवी असेल तर तीन गाड्या पुरतात. दर पाव तासाला हवी असेल तर सहा. आता स्थानकाबाहेर रिक्षा, फेरीवाले आणि अस्ताव्यस्त लावलेली वाहने यांच्या कोंडीत तीच फेरी दोन तासांची झाली, असे धरा. पाव तासाच्या वेळापत्रकासाठी आता आठ गाड्या लागतील. दोन नव्या गाड्या, त्यांचे चालक-वाहक, त्यांचे इंधन हा सारा खर्च वाढला तो एकाही प्रवाशाला जादा सेवा न देता. कोंडी गाड्या गिळते. म्हणून स्थानकालगतच्या काही शे मीटर रस्त्यावर बसला पहिला मान देणे हा सुधारणेचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी नवी गाडी लागत नाही, फक्त धाक आणि इच्छा लागते.

दुसरे गणित शेवटच्या गाडीचे आहे. एस.टी.च्या भाषेत गाडी किती भरली याला ‘भारमान’ म्हणतात. रात्रीच्या शेवटच्या फेरीचे भारमान कमी असते, म्हणून ती फेरी रद्द होते. कागदावर बचत दिसते. पण दादरहून वा अंधेरीहून रात्री नऊ वाजता स्थानकात उतरणाऱ्या माणसाची परतीची गाडी गेली, की तो सकाळीही बसने निघत नाही. तो कर्ज काढून दुचाकी घेतो किंवा दोन्ही वेळा रिक्षाने जातो. त्याने काढलेला महिन्याचा पास थांबतो. मग सकाळच्या फेरीचेही भारमान घटते आणि पुढल्या वर्षी तीही ‘तोट्यात’ ठरते. अशा रीतीने एकेक फेरी कापत गेल्यावर उरते ते तोट्याचे स्वयंसिद्ध प्रमाणपत्र! प्रवासी एक फेरी विकत घेत नसतो. दिवसभरात केव्हाही परत जाता येईल हा भरवसा तो विकत घेत असतो. भरवसा गेला की तिकीट कितीही स्वस्त केले तरी तो परत येत नाही.

तिसरी गोष्ट कंत्राटाची. बससेवा ठेकेदाराला देण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत तिकिटाचे पैसे ठेकेदाराचे आणि तोटाही त्याचाच. दुसरीत तिकिटाचे पैसे पालिकेचे, आणि ठेकेदाराला गाडी जितके किलोमीटर धावली त्यानुसार ठरलेला दर. पहिल्या रीतीत ठेकेदार साहजिकच गर्दीच्या मार्गावर गाड्या ओततो आणि विरळ वस्तीकडे पाठ फिरवतो. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा धरणेही चूक आहे. दुसऱ्या रीतीत कोणती गाडी कुठे जाणार हे लोकांच्या प्रतिनिधींना ठरविता येते, मात्र पालिकेची तिजोरी भक्कम आणि देखरेख कडक असावी लागते. शेजारच्या मुंबईचा धडा ताजाच आहे. एकेकाळी चार हजारांहून अधिक बस बाळगणाऱ्या बेस्टचा ताफा २०२४ पर्यंत तीन हजारांच्या आसपास आला. स्वतःच्या गाड्या मोडीत निघत गेल्या, भाडेतत्त्वावर घेतलेल्या गाड्यांचे काही पुरवठादार परवडत नाही म्हणून निघून गेले, आणि थांब्यांवरच्या रांगा लांबत गेल्या. ठेकेदार जाऊ शकतो. गाव जाऊ शकत नाही. म्हणून काही गाड्या, आगारे आणि चालक-वाहक पालिकेचे स्वतःचे असलेच पाहिजेत.

आक्षेप आणि उत्तरे

‘पैसा कुठून आणायचा?’ हा पहिला आक्षेप. यावर माझा प्रतिप्रश्न असा, की एखाद्या उड्डाणपुलाने गेल्या वर्षी किती कमावले हे कोणी विचारले आहे काय? रस्त्यावरच्या दिव्यांना भारमान लावतो काय? रस्ता डांबरी झाला तर तो विकास, आणि त्याच रस्त्यावरून पन्नास माणसांना नेणारी बस चालविली तर ते अनुदान, ही भाषाच मुळात अन्यायाची आहे. ज्या एस.टी.ला तोट्याचा टिळा लावला गेला, तिच्या तिकिटातून शासन वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर वसूल करीत आले, हेही विसरता कामा नये. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तोट्याचा दाखला द्यायचा, असा हा व्यवहार!

‘आता घरोघरी दुचाकी आहे, बस हवी कोणाला?’ हा दुसरा आक्षेप. दुचाकी घराच्या दारात असते, पण ती चालविते कोण? बहुधा कमावता पुरुष. आजी, शाळकरी मूल, घरकामाला जाणारी बाई, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा यांच्यासाठी ती दारातली शोभाच. शिवाय बस नसल्यामुळे दुचाकी घेतली आणि दुचाकी घेतली म्हणून बस नको, हा युक्तिवाद स्वतःचीच शेपटी गिळणारा आहे. मार्च २०२३ मध्ये एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी उलटलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. या सवलती चांगल्याच आहेत. पण ज्या थांब्यावर गाडीच येत नाही, तिथे अर्धे तिकीट म्हणजे कशाचे अर्धे?

‘गावातले रस्ते अरुंद आहेत’ हा तिसरा. अरुंद रस्त्यांना लहान बस हे उत्तर आहे. पण येथे एक भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. बसच्या नावाने रस्ता रुंद होईल आणि रुंद रस्त्यामागून टॉवर येतील, असे गावकऱ्यांना वाटते. अनुभव पाहता ही भीती निराधार नाही. म्हणूनच सांगायचे ते हे, की आहे त्या रस्त्यावर बसेल अशी गाडी आणा. गाडीच्या मापाने वाडी कापू नका. वीस-पंचवीस आसनांची बस वेळेवर धावली, तर त्याच रस्त्यावरची रिक्षा-मोटारींची गर्दी कमी होईल आणि रुंदीकरणाची सबबच उरणार नाही. हिरवाई राखू इच्छिणाऱ्याने बसच्या बाजूने उभे राहावे ते यासाठी.

हा केवळ पश्चिमेकडील वाड्यांचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. रेल्वेच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत पाळ्यांवर काम करणारे कामगार आणि त्यापलीकडच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे यांना बसची गरज आपल्याहून अधिक आहे. आपल्या गावापुरती फेरी मागून गप्प बसलो, तर दुसऱ्या गावाची फेरी कापून आपल्याला दिली जाईल आणि दोन गावे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतील. मागणी एकत्र असली पाहिजे.

येथे आपल्यातील सुस्थितीतल्या घरांनाही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. ज्यांच्या अंगणात मोटार आली त्यांचा आवाज बसच्या प्रश्नावरून विरून गेला. सभेत बोलणारे, अर्ज लिहू शकणारे, अधिकाऱ्यांना नावाने ओळखणारे लोक थांब्यावर उभे राहीनासे झाले, तेव्हाच बसचा कैवार घेणारे संपले. उरले ते निमूट वाट पाहणारे. ज्यांना बसची गरज नाही त्यांनीच बससाठी बोलावयाचे, अशी ही वेळ आहे.

काय मागावे?

मागण्या मोघम असू नयेत. ‘बससेवा सुधारा’ असे निवेदन दिले, तर ‘सुधारणा चालू आहे’ असे उत्तर येते. म्हणून नेमके मागावे.

पहिली मागणी: महानगरपालिका क्षेत्रातील प्रत्येक गावाला व पाड्याला पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत तासाला किमान एक फेरी, आणि गर्दीच्या वेळी अर्ध्या तासाला एक. भारमान काहीही असो, ही हमी मोडता येणार नाही, असा ठराव सभागृहाने करावा आणि तिच्या खर्चाची तरतूद अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी. मग ती रक्कम तोटा म्हणून नव्हे, सेवेची किंमत म्हणून ओळखली जाईल.

दुसरी: प्रत्येक थांब्यावर मराठीत ठळक वेळापत्रक. ज्या सेवेची वेळ लिहिलेली नसते, ती चुकली असे सिद्धच करता येत नाही.

तिसरी: ठेकेदाराशी झालेला करार जनतेला वाचावयास खुला करावा. रद्द झालेल्या प्रत्येक फेरीसाठी दंड असावा आणि दर महिन्याला ठरलेल्या फेऱ्या किती व प्रत्यक्ष धावलेल्या किती, हे दोन आकडे जाहीर व्हावेत.

चौथी: वसई, नालासोपारा आणि विरार या स्थानकांबाहेर बसच्या येण्याजाण्याचा रस्ता सकाळ-संध्याकाळ मोकळा ठेवावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. बोटीच्या आणि लोकलच्या वेळांशी बसच्या वेळा जुळवाव्यात.

पाचवी: एस.टी.च्या असोत वा पालिकेच्या, आगारांच्या जागा बसगाड्यांसाठीच राहाव्यात. एकदा आगारावर इमारत चढली, की पुन्हा आगाराला जागा मिळणार नाही. भावी पिढीच्या गाड्या त्या जागेत उभ्या राहावयाच्या आहेत.

आणि या मागण्यांना वजन यावे म्हणून एक काम आपल्याच हाती आहे. गावोगावच्या तरुण मंडळांनी व महिला मंडळांनी आपापल्या थांब्यावर एक साधी वही ठेवावी. महिनाभर, रोज, पाळी लावून लिहावे: गाडी कोणत्या वेळेची होती, केव्हा आली, आली की नाही, किती माणसे चढली आणि किती माणसे वाट पाहून रिक्षाने गेली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण परिवहन विभागाच्या हिशेबात तो कधीच नव्हता. वीस गावांनी अशा वीस वह्या भरल्या आणि त्या एकत्र बांधून आयुक्तांच्या टेबलावर ठेवल्या, तर ‘हा मार्ग तोट्यात आहे’ असे म्हणण्यापूर्वी त्यांना त्या उघडाव्या लागतील. वहीची किंमत वीस-तीस रुपये आहे. पहिले पान येत्या सोमवारी लिहावयास घेता येईल.